कंडक्टिव्ह पेंट कोणता घ्यावा? मार्च ते दिवाळी वापरल्यानंतरचा अनुभव

सरळ कामाचं सांगतो. कंडक्टिव्ह पेंट म्हणजे वाळल्यावर करंट नेणारा पेंट, वायरीऐवजी याच्या लाइनी काढून सर्किट करता येते. बटन सेलवर चालणारे एलईडी, टच बटनं, पोरांची लाइटवाली ग्रीटिंग कार्डं असलं काही करायचं असेल तर पाण्यातला कार्बनचा काळा पेंट पुरून उरतो, चांदीच्या पेंटवर पैसे घालायची बहुतेक वेळा गरजच पडत नाही. आता हे बहुतेक वेळा म्हणजे नक्की कधी, ते कळायला मला मार्च ते दिवाळी एवढा वेळ लागला, कारण नागपुरात राहून हा विषय एका महिन्यात कळतच नाही, मे मध्ये जे कार्ड मस्त चालते तेच ऑगस्टमध्ये मंद पडते. म्हणून जरा लांबच लिहून राहिलो, बसून वाचा.

मी वापरले ते प्रकार असे की एक पाण्यातला कार्बन पेंट, तयार मिळतो तो, ट्यूबमध्येही आणि डब्यातही. दुसरा चांदीचा, सिरिंजमध्ये येतो, एवढासा. तिसरा निकेलचा, अॅक्रिलिकमधला, थिनरसारखा वास येणारा. आणि चौथा घरी केलेला, ग्रॅफाइट पावडर आणि लाकडाचा पांढरा गोंद. इथल्या बर्डीच्या बाजारात एलईडी, रेझिस्टर, ट्रान्झिस्टर, सेल होल्डर सगळं मिळाले मला, पेंट मात्र ऑनलाइनच मागवावा लागला. ग्रॅफाइट पावडर इतवारीत हार्डवेअरवाल्याकडे मिळाली, कुलुपात टाकायला ठेवतात तीच.

आता जी गोष्ट आधी समजली पाहिजे ती म्हणजे डब्यावर लिहिलेला ओहम प्रति चौरस. लोक हा आकडा पाहतात आणि पुढे जातात, काहून की चौरस म्हणजे चौरस सेंटिमीटर का इंच ते कुठे लिहिलेलंच नसते. ते लिहायची गरजच नसते भाऊ. पेंटची जाडी तीच असेल तर नखाएवढा चौरस घ्या का वहीच्या पानाएवढा, समोरासमोरच्या दोन बाजूंमधला रेझिस्टन्स तेवढाच येते. म्हणून तुमच्या लाइनमध्ये असे किती चौरस बसतात तेवढंच मोजायचं, लांबी भागिले रुंदी, संपलं. ५ सेंटिमीटर लांब आणि ५ मिलिमीटर रुंद लाइन म्हणजे १० चौरस. तीच लाइन १० मिलिमीटर रुंद काढली की ५ चौरस, रेझिस्टन्स अर्धा. आणि वाळल्यावर वरून अजून एक तेवढ्याच जाडीचा कोट दिला की परत साधारण अर्धा.

आकडा पाहिजे असेल तर लंडनच्या बेअर कंडक्टिव्हचा इलेक्ट्रिक पेंट घ्या, या प्रकारातला तोच सगळ्यात नावाजलेला, त्याच्या माहितीपत्रकात ५० मायक्रॉन जाडीला ५५ ओहम प्रति चौरस असं दिलेलं आहे. हा आकडा धरून पुढचा हिशोब करा. एलईडीपासून सेलपर्यंत जाणारी एक आणि येणारी एक, अशा वरच्या मापाच्या दोन लाइनी म्हणजे २० चौरस, म्हणजे ११०० ओहम. लाल एलईडीला १.९ व्होल्टच्या आसपास लागतात, सेल ३ व्होल्टचा, उरले १.१ व्होल्ट, ते ११०० ओहमवर म्हणजे बरोबर १ मिलिअँपियर. घरात बसून पाहायला १ मिलिअँपियरवर आजकालचा लाल एलईडी चांगला दिसतो. सीआर२०३२, म्हणजे ३ व्होल्टचा हाच बटन सेल, त्याची क्षमता २२० मिलिअँपियर तासाच्या जवळपास असते, म्हणजे कागदावर तरी दोनशे तास. आणि यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की वेगळा रेझिस्टर लावायचं कामच राहत नाही, तुमची काळी लाइन हाच रेझिस्टर. ब्राइट पाहिजे तर लाइन रुंद करा, दोन एलईडी सारखे दिसले पाहिजे तर दोघांच्या लाइनीत चौरस सारखे ठेवा. एकदा हे डोक्यात बसलं की चित्र काढता काढताच सर्किट डिझाइन होते, आणि हा आनंद तयार बोर्डावर वायरी खोचण्यात मला तरी मिळाला नाही.

पण पांढरे आणि निळे एलईडी या सेलवर कार्बनच्या लाइनीने लावू नका, त्यांनाच ३ व्होल्टच्या आसपास लागतात, लाइनीसाठी काही उरतच नाही, मिणमिण करतात. लाल, पिवळा, हे घ्या. पांढराच पाहिजे असेल तर दोन सेल एकावर एक लावून ६ व्होल्ट करा आणि मग लाइनीतले चौरस त्या हिशोबाने वाढवा.

याच्या पुढचा नियम असा की पेंट निवडायच्या आधी सर्किटच्या प्रत्येक लाइनीतून किती करंट जाते ते कागदावर लिहून काढा. फक्त हेच करा, पेंट आपोआप ठरतो. बटनाची लाइन घ्या, आर्डुइनो उनो हा प्रोग्राम करायचा छोटा बोर्ड, त्याच्या आतला पुलअप, म्हणजे पिनला प्लसकडे ओढून धरणारा रेझिस्टर, २० ते ५० किलोओहमचा असतो, त्याच्यापुढे तुमची लाइन २ किलोओहमची असली तरी पिनवर अर्ध्या व्होल्टच्या खालीच राहतात, म्हणजे बटन दाबलं हे त्याला स्वच्छ कळते. टच सेन्सर तर अजून सोपा, तिथे करंट जवळजवळ जातच नाही, ईएसपी३२ या वायफायवाल्या बोर्डाच्या टच पिनला किंवा एमपीआर१२१ या टच ओळखणाऱ्या चिपला काही किलोओहमची लाइन जोडा, काही फरक पडत नाही. पण त्याच उनो बोर्डाला पॉवर द्यायची लाइन कार्बनने काढाल तर तो चालूच होणार नाही, बोर्ड स्वतःच ५० मिलिअँपियरच्या आसपास घेते, ५०० ओहमच्या लाइनीवर एवढ्या करंटला २५ व्होल्ट पडायला पाहिजे, आणणार कुठून? ईएसपी३२ वायफाय चालू करताना क्षणभर काहीशे मिलिअँपियर ओढते, तिथे तर चांदीचा पेंटसुद्धा नको, तांब्याची वायर लावा. मोटर, सर्व्हो, जाड आवाजाचा मॅग्नेटिक बझर, हे सगळं त्याच गटात. पातळ पिझो बझर मात्र कार्बनवर चालतो.

चिपांमध्येही हाच फरक. लाइट ब्लिंक करायला वापरतात ती टायमर चिप, साधा एनई५५५, घेतला तर तो स्वतःसाठीच ३ मिलिअँपियरच्या आसपास खातो आणि वर ४.५ व्होल्ट मागतो. त्याचा कमी करंट खाणारा सीमॉस जातीचा भाऊ ७५५५ काही दहा-शंभर मायक्रोअँपियरमध्ये भागवतो आणि ३ व्होल्टवर निवांत चालतो. दोन्ही चिपांचे पाय सारखेच, पण पेंटच्या सर्किटमध्ये एक चालते दुसरी नाही. एटिनी८५ या प्रोग्राम करायच्या छोट्या चिपला घड्याळ १ मेगाहर्ट्झवर ठेवलं तर तीही चालते, फक्त तिच्या पॉवरच्या दोन पायांना अगदी लागून एक ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि जमलं तर १० मायक्रोफॅरडचा अजून एक लावाच, कारण लाइनीत रेझिस्टन्स आहे, चिपने झटक्यात थोडा करंट ओढला की व्होल्टेज खाली बसते आणि ती रिसेट होत राहते. कपॅसिटर पायांना थेट सोल्डर करा, मध्ये पेंट येऊ देऊ नका.

जोड. सगळी मेहनत इथे आहे. पेंटवर सोल्डर होत नाही, कार्बनवर तर नाहीच. एलईडीचे पाय लाइनीवर ठेवून वरून पेंटचा थेंब टाकतात तसं मी सुरुवातीच्या कार्डांवर केलं, वाळल्यावर धरते, पण कार्ड दोन-चार वेळा उघडलं-मिटलं की पायाभोवती बारीक चीर पडते आणि लाइट लुकलुकते. याच्यावर टिकलेला उपाय म्हणजे एलईडीच्या पायाची गोल चकती वळवायची, खाली कॉपर टेपचा तुकडा, त्याला पाय सोल्डर, आणि पेंट टेपच्या काठावर चांगला सेंटिमीटरभर चढवायचा. टेपच्या वरून चढवायचा बरं का, टेप पेंटवर चिकटवायची नाही, साध्या कॉपर टेपचा गोंद करंट नेत नाही, कंडक्टिव्ह गोंदाची टेप वेगळी आणि महाग मिळते. कार्ड जिथे दुमडते तिथे पेंटची लाइन नेऊच नका, दुमडीवरून टेपच न्या.

मोजायचंही एक सांगतो. मल्टिमीटरच्या टोकदार पिना कार्बनवर टेकवल्या की आकडा नाचत राहतो, दाबलं की कमी, सोडलं की जास्त, वर पेंटला भोक पडते ते वेगळंच. लाइनीच्या दोन्ही टोकांना पेंटच्या खालून कॉपर टेपचे तुकडे ठेवा आणि पिना तिथे लावा. चांदीची लाइन मोजताना आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवून काय येते ते बघा, मीटरच्या वायरींचाच अर्धा ओहम असू शकतो, तो वजा करा.

आता हवामान, ज्याच्यासाठी खरं म्हणजे हे लिहायला घेतलं. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे पेंट इतक्या लवकर वाळतो की ब्रश लाइनीच्या शेवटापर्यंत पोचायच्या आत सुरुवात वाळलेली असते. दुपारी पंख्याखाली काम करू नका, सकाळी करा, डब्याचं झाकण प्रत्येक वेळी लावा, आणि वर साय आली तर काढून डिस्टिल्ड वॉटरचे दोन-तीन थेंब टाकून हलवा, बॅटरीत टाकायला मिळते तेच पाणी. मास्किंग टेप लावून लाइन काढत असाल तर पेंट पूर्ण कडक व्हायच्या आधी टेप ओढा नाहीतर काठ सोबत निघून येते.

एक टेस्ट पट्टी मी कपाटाच्या दाराला आतून लावून ठेवली होती, फक्त मोजण्यासाठी, एप्रिलमध्ये ती सहाशे ओहमच्या जवळ होती. मे मध्ये बाहेर ४५ डिग्री आणि कोरडंठण्ण, पण घरात कूलर चालू झाला की खोलीची हवा ओली होते, आणि पट्टीचा आकडा सरकायला लागला, रात्री कूलर चालू असताना वेगळा, दुपारी बंद असताना वेगळा. जुलैमध्ये तो सातशेच्या वर जाऊन बसला आणि तिथेच राहिला, दसऱ्यानंतर हळूहळू खाली आला. कारण समजून घ्या, या पेंटमध्ये कार्बनचे कण एका पाण्यात विरघळणाऱ्या चिकट पदार्थात धरलेले असतात, तो पदार्थ हवेतलं पाणी पिऊन फुगतो, कण एकमेकांपासून जरा लांब जातात, रेझिस्टन्स वाढते. एलईडीला याने फार फरक पडत नाही, थोडा मंद होतो. पण जिथे तुम्ही लाइनीचा रेझिस्टन्स मोजून त्याच्यावर काही ठरवत असाल, समजा ५५५ चा ब्लिंकिंगचा वेग, तिथे पेंटच्या भरवशावर राहू नका, खरा रेझिस्टर लावा.

वरून कोट द्यायचा असेल तर पाण्यातलं व्हार्निश अजिबात नको, लाइन त्याच्यात विरघळून पसरते. साधं पारदर्शक नेलपॉलिश किंवा स्प्रेवालं अॅक्रिलिक चालते. कोट दिलेल्या पट्टीचा आकडा पावसाळ्यात बराच कमी सरकला, सरकला मात्र, कारण कागद मागून ओल घेतोच.

खरी परीक्षा झाली तान्ह्या पोळ्याला. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरं लाकडाचे नंदी सजवून मिरवतात, भोसल्यांच्या काळापासून चालत आलेलं, गल्लोगल्ली सजावटीच्या स्पर्धा असतात. पुतणीच्या नंदीला डोळ्यांत दोन लाल एलईडी आणि कपाळावर बोट ठेवलं की डोळे पेटले पाहिजे असं ठरलं. सर्किट साधंच, दोन बीसी५४७ ट्रान्झिस्टर, पहिल्याचा एमिटर दुसऱ्याच्या बेसला, पण पहिल्याचा कलेक्टर एलईडीला न जोडता एका रेझिस्टरमधून सरळ प्लसला, असं केलं की दुसरा ट्रान्झिस्टर पूर्ण ऑन होतो आणि ३ व्होल्टमध्येही एलईडीला पुरेसं उरते. कपाळावर कार्बनचे दोन ठिपके, बोट ठेवलं की कातडीतून मायक्रोअँपियरभर करंट गेला की झालं काम. ट्रान्झिस्टर आणि सेल पोटाखाली, तिथून डोळ्यांपर्यंत मानेवरून काळ्या लाइनी, त्या झुलीच्या नक्षीतच मिसळून गेल्या, सांगितल्याशिवाय कोणाला कळलं नाही की ही वायर आहे.

उन्हाळ्यात केलेला नमुना एकदम चोख होता. ऑगस्टच्या झडीत मात्र त्याच नमुन्याचे डोळे बोट न लावताच अंधुक जळायला लागले, कारण लाकूड ओल धरते, आणि ओलं लाकूड म्हणजे त्या दोन ठिपक्यांमध्ये कायमचं बोट ठेवल्यासारखंच. मग नंदीला आधी सगळीकडून ऑइलबेस व्हार्निशचे दोन हात, ते पूर्ण वाळल्यावर बारीक पॉलिशपेपर हलकासा फिरवून त्याच्यावर पेंट, ठिपक्यांमधलं अंतर वाढवलं, आणि पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसपासून मायनसला २.२ मेगओहमचा रेझिस्टर, म्हणजे थोडीफार गळती तिकडून निघून जाते. जोडांना छोटे पितळी स्क्रू आणि वॉशर, वॉशरखाली पेंट आणि वरूनही पेंट. व्हार्निशचा दुसरा फायदा असा की कच्चं लाकूड पेंट पिऊन घेते, वर पातळ थर उरतो, व्हार्निशवर तोच पेंट कमी लागतो आणि रेझिस्टन्सही कमी येते. मिरवणुकीच्या दिवशी रिमझिम होती, डोळे शेवटपर्यंत नीट पेटले, आणि पोरीने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला कपाळाला हात लावायला लावला.

चांदीच्या पेंटबद्दल. वस्तू म्हणून फार सुंदर आहे, १० सेंटिमीटरची बारीक लाइन दोन-तीन ओहममध्ये बसते, कार्बनशी तुलनाच नाही. गाडीच्या मागच्या काचेवरची डीफॉगरची तुटलेली लाइन याच जातीच्या पेंटने जोडतात, कीबोर्डच्या आतल्या प्लॅस्टिक शीटवरची उडालेली लाइनसुद्धा. दुरुस्तीसाठी घरात एक सिरिंज असावी असं माझं मत झालं आहे. पण त्या एवढ्याशा सिरिंजच्या पैशात कार्बनचा मोठा डबा येतो, म्हणून अख्खं सर्किट याने रंगवायचा विचार करू नका, जिथे चिपला पॉवर जाते तो दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा याने काढा आणि बाकी काळा. अजून एक, जे पावसाळी गावात महत्त्वाचं आहे. ओल आणि डीसी व्होल्टेज दोन्ही एकत्र आले की चांदी एका लाइनीवरून दुसरीकडे सरकते, झाडाच्या फांद्यांसारखे बारीक धागे वाढत जातात आणि शेवटी शॉर्ट होते. माझ्या एका कार्डवर मिलिमीटरभर अंतरावरच्या दोन लाइनींमध्ये पावसाळ्यात मीटर गळती दाखवायला लागला होता, कोरड्यात तिथे काहीच नव्हतं. तेव्हापासून चांदीच्या प्लस-मायनस लाइनींमध्ये मी चांगलं अंतर सोडतो, वरून कोट देतो, आणि सेलला स्विच लावतो म्हणजे चोवीस तास व्होल्टेज बसून राहत नाही. कार्बनला हा त्रास नाही, हे त्याच्या बाजूने मोठं कारण.

निकेल मुळात प्लॅस्टिकच्या डब्यांना आतून मारायला बनवलेला पेंट आहे, बाहेरचा इलेक्ट्रिकल गोंधळ अडवायला. लाइनी काढायला चालतो, पण मी नाही सुचवणार. त्याच्यातलं सॉल्व्हंट थर्मोकोल खाते, म्हणजे शाळेच्या मॉडेलवर तर लावूच नका, निकेलची अॅलर्जी पुष्कळ लोकांना असते, आणि धातूचे कण तळाशी बसतात म्हणून दर वेळी तळापर्यंत ढवळावं लागते. गच्चीवर मास्क आणि हातमोजे घालून मी माझ्या छोट्या प्रीअँपच्या (बारीक आवाजाचा सिग्नल वाढवणारं सर्किट) प्लॅस्टिक डब्याला आतून दोन हात मारले, ग्राउंडला जोडला, आणि हेडफोनमधली ५० हर्ट्झची घुंई जवळजवळ गेली. त्या कामासाठी एक नंबर.

घरच्या ग्रॅफाइट-गोंदाला नावं ठेवू नका. त्याने एलईडी नीट पेटत नाही, कारण गोंद प्रत्येक कणाभोवती इन्सुलेशन करून बसतो आणि पावडर बरीच घातल्याशिवाय कणाला कण लागतच नाही, मला चांगल्यात चांगली लाइन काही किलोओहमची मिळाली, त्यापुढे पावडर वाढवली तर वाळून भुगा पडते. पण टच बटनाला आणि साध्या बटनाला तेवढं भरपूर झालं. सगळ्यात स्वस्त पियानो यानेच होते, ड्रॉइंग शीटवर पट्ट्या रंगवा आणि ईएसपी३२ ला जोडा. फक्त पावडर लॅपटॉपजवळ उघडू नका, ती हवेत उडते आणि करंट नेते.

पोरांच्या हातात द्यायचा असेल तर पाण्यातला कार्बनच, अंगाला-फरशीला लागला तर साबणपाण्याने निघतो, कपड्यावरून मात्र लगेच धुवा. पण पेंटपेक्षा सेलकडे लक्ष द्या. बटन सेल लहान पोराने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकते, थुंकीमुळे तिथेच करंट वाहायला लागते. गिळल्याची नुसती शंका आली तरी घरी वाट पाहू नका, लगेच मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या. कार्डात सेल उघडा ठेवून क्लिपने दाबायची पद्धत जी सगळीकडे दिसते ती घरात तीन-चार वर्षांचं कोणी असेल तर वापरू नका, झाकणाला स्क्रू असलेला होल्डर बर्डीवर सहज मिळतो, नंदीच्या पोटाखाली मी तोच लावला आहे.